गाडीच्या टेपला कळेल अशी सीडी कशी भरायची

लॅपटॉपवर वाजते, घरच्या डीव्हीडी प्लेअरवर वाजते. गाडीत टाकली की टेप ती आत घेतो, थोडा वेळ घुर्र करतो, पडद्यावर ‘एरर’ दाखवतो आणि बाहेर ढकलतो. ज्याने गाणी भरून दिली त्याला मग ऐकावं लागतं, “काहून भाऊ, खराब सीडी देल्ली का?” बहुतेक वेळा सीडी खराब नसते आणि टेपही बिघडलेला नसतो. गाणी डिस्कवर ज्या पद्धतीने लिहिली आहेत ती पद्धत त्या टेपला वाचता येत नाही, मूळ दुखणं तेवढंच. हे एकदा नीट समजलं की पुढच्या बहुतेक अडचणी आपल्या आपण सोडवता येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

सीडीचा जमाना गेला हे खरं. पण नागपूर-अमरावतीच्या बाजारातून ज्या जुन्या इंडिका, वॅगनआर, स्कॉर्पिओ आमच्या खेड्यांत येतात, त्या जुन्या टेपसकट येतात आणि त्यातल्या कित्येकांना पेनड्राइव्ह लावायची जागाच नसते. मेळघाटात घाट चढायला लागलं किंवा गडचिरोलीत भामरागडकडे वळलं की मोबाइलचं नेटवर्क जातं, मग मोबाइलवर नेटने ऐकायची गाणीही बंद. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं कारण वेगळंच आहे. गावच्या भजनी मंडळाने खंजिरीवर गायलेली तुकडोजी महाराजांची भजनं, चौदा एप्रिलच्या रात्री आपल्याच मोहल्ल्यातल्या पोरांनी म्हटलेली भीमगीतं, झाडीपट्टीतल्या नाटकांतली पदं, आजोबांच्या कॅसेटमधली दंडार हे कुठल्याही ॲपवर मिळत नाही. ते कुणाच्या तरी मोबाइलमध्ये नाहीतर लोखंडी पेटीत पडलेलं असतं. गाडीत ऐकायचं तर स्वतःच भरावं लागतं, आणि ते भरून ठेवण्यासारखं आहे.

डिस्क दोन प्रकारे भरता येते. एक ऑडिओ सीडी, दुसरी डेटा सीडी. कोरी डिस्क तीच, भरल्यावर दिसायलाही सारखीच, पण आतलं लिखाण पूर्ण वेगळं.

ऑडिओ सीडीचे नियम फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून १९८० साली ठरवले आणि १९८२ मध्ये पहिले प्लेअर जपानमध्ये विकायला आले. एमपी३ तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. या सीडीत फाइल असा प्रकारच नसतो. आवाजाची लहर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायची, प्रत्येक मोजमाप १६ बिटांत म्हणजे २ बाइटांत लिहायचं, डाव्या बाजूचं वेगळं आणि उजव्या बाजूचं वेगळं; बस. एवढ्या वेळा मोजायचं कारण असं की माणसाच्या कानाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे, म्हणजे सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचे, आवाज ऐकू येतात आणि लहर जशीच्या तशी परत उभी करायची तर या आकड्याच्या दुपटीहून जास्त वेळा ती मोजावी लागते. हिशेब करा: ४४,१०० गुणिले २ बाइट गुणिले २ बाजू म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट. मिनिटाला साधारण १० एमबी. पाच मिनिटांचं भजन ५० एमबी जागा घेतं.

म्हणूनच ऑडिओ सीडीवर काय मावेल ते मिनिटांत मोजायचं. कोऱ्या डिस्कवर ‘७०० एमबी’ आणि ‘८० मिनिटं’ असे दोन आकडे छापलेले असतात, त्यातला दुसरा आपल्या कामाचा. “माह्यी साठ गाणी मिळून तीनशे एमबी पण नाही, मग बसत काहून नाही?” हा प्रश्न हमखास येतो. कारण ऑडिओ सीडी भरताना सॉफ्टवेअर एमपी३ उलगडून पुन्हा त्या मोठ्या मोजमापांत मांडतं. ८० मिनिटं झाली की जागा संपली, मग ती पंधरा गाणी असोत की अठरा. फाइल मोठी झाली म्हणून आवाज मात्र सुधारत नाही. एमपी३ करताना जे बारकावे गाळले गेले ते परत येत नाहीत. शक्य असेल तिथे मूळ रेकॉर्डिंगच हाती घ्या.

डेटा सीडीत याच्या उलट. तिथे एमपी३ फायली जशाच्या तशा उतरतात. १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ हजार बिट घेणाऱ्या) फाइलला मिनिटाला १ एमबीसुद्धा लागत नाही, म्हणजे एका डिस्कवर बारा तासांच्या आसपास गाणी बसतात. पण ती वाजवायची तर टेपला फाइल शोधता आली पाहिजे, उघडता आली पाहिजे, एमपी३ उलगडता आलं पाहिजे. त्यासाठी लागणारी चिप जुन्या टेपमध्ये नसते. असा टेप एमपी३ची डिस्क घेतो, त्याला संगीत सापडत नाही, आणि तो एरर देतो.

आपल्या टेपला काय कळतं ते त्याच्या तोंडावरच लिहिलेलं असतं. ओल्या फडक्याने धूळ पुसा आणि डिस्क जिथून आत जाते त्या फटीच्या आसपास बघा. बारीक रोमन अक्षरांत ‘एमपी३’ छापलं असेल तर दोन्ही प्रकार चालतील. कधी शेजारी ‘डब्ल्यूएमए’ही असतं, तो गाण्याच्या फाइलचा आणखी एक प्रकार. फक्त ‘कॉम्पॅक्ट डिस्क डिजिटल ऑडिओ’ची खूण असेल तर ऑडिओ सीडीच भरायची. अक्षरं घासून गेली असतील, गाडी दुसऱ्याची असेल, किंवा डिस्क भेट द्यायची असेल तर डोळे मिटून ऑडिओ सीडी भरा. गाणी कमी बसतील, पण सीडीच्या जवळपास सगळ्या टेपवर वाजतील.

आता लॅपटॉपसमोर बसू. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो, त्यामुळे यूएसबीने जोडायचा बाहेरचा डीव्हीडी रायटर लागतो. तो सीडीही लिहितो. विंडोजमध्ये कोरी डिस्क टाकून तिच्यावर फायली टाकायला गेलं की एक खिडकी उघडते आणि ही डिस्क कशी वापरणार असं इंग्रजीत विचारते. पर्याय दोन. वरचा ‘लाइक अ यूएसबी फ्लॅश ड्राइव्ह’, खालचा ‘विथ अ सीडी/डीव्हीडी प्लेअर’. पेनड्राइव्हची सवय असलेला माणूस सरळ वरचा निवडतो. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त डिस्क इथेच वाया जातात. वरचा पर्याय डिस्कवर अशी मांडणी करतो की नंतरही फायली टाकता-काढता याव्यात. कॉम्प्युटरला ती कळते, गाडीच्या टेपला कळत नाही. खालचा पर्याय निवडला तर सगळी गाणी एकदमच लिहिली जातात आणि डिस्क बंद होते. आपल्याला तेच हवं आहे. मात्र त्यात फायली ओढून टाकल्या म्हणजे काम झालं असं नाही. त्या नुसत्या रांगेत उभ्या असतात. शेवटी ‘बर्न’चं बटण दाबल्यावरच लिखाण सुरू होतं.

फायली अशा ओढून भरल्या की साधारणपणे डेटा सीडीच होते. ऑडिओ सीडीसाठी सोपा रस्ता म्हणजे विंडोज मीडिया प्लेअर. विंडोज ११ मध्ये तो ‘लेगसी’ या नावाने असतो. उजवीकडे ‘बर्न’वर जा, पर्यायांत ‘ऑडिओ सीडी’ निवडा, गाणी हव्या त्या क्रमाने ओढून टाका. मिनिटं किती उरली ते तिथेच दिसत राहतं. ‘डेटा सीडी’ निवडलेलं राहिलं तर एमपी३ची डिस्क तयार होईल, तेवढं बघून घ्या. इमेजबर्न, सीडीबर्नरएक्सपी ही फुकट सॉफ्टवेअरही चांगली आहेत. लिनक्सवाल्यांना ब्रॅसेरो किंवा के३बी.

यातली ‘डिस्क बंद करणं’ ही गोष्ट जरा थांबून समजून घेण्यासारखी आहे. सॉफ्टवेअरमध्ये तिला ‘फायनलाइज’ किंवा ‘क्लोज डिस्क’ म्हणतात. सीडी आतून बाहेर वाचली जाते. मधल्या भोकाच्या कडेला अगदी आतल्या फेऱ्यांत एक अनुक्रमणिका असते: किती गाणी, कुठलं किती मिनिटाला सुरू होतं, शेवट कुठे. टेप सगळ्यात आधी ती वाचतो आणि ती नसेल तर पुढे बघतच नाही. गाणी लिहून झाल्यावर ही अनुक्रमणिका लिहिणं म्हणजे फायनलाइज. वावर विकत घेतलं, पैसे दिले, पण फेरफार होऊन सातबाऱ्यावर नाव चढलं नाही, तशी ही डिस्क. गाणी तिच्यावर आहेत, पण टेपच्या लेखी ती कोरी. ज्या ड्राइव्हने ती लिहिली त्याला आतलं दिसतं, म्हणून लॅपटॉपवर वाजते आणि गाडीत नाही. अशी डिस्क फेकू नका. तेच सॉफ्टवेअर उघडून नंतरही बंद करता येते.

एका काळी-पिवळीवाल्या दादांनी अशीच एक डिस्क माझ्याकडे आणली होती. दाराशी उजेडात तिरकी धरली. भरलेल्या आणि कोऱ्या भागाच्या रंगात थोडा फरक असतो, आणि दोन्हीच्या सीमेवर एक बारीक गोल रेघ दिसते. त्या रेघेवरून गाणी अर्ध्या डिस्कपर्यंत आलेली सरळ दिसत होती. चुकून दुसरीच, कोरी डिस्क उचलली हा संशय तिथेच मिटला. डिस्क फक्त बंद करायची राहिली होती.

कोरी डिस्क घेताना पाकिटावर ‘सीडी-आर’ असल्याची खात्री करा. ‘सीडी-आरडब्ल्यू’ पुसून पुन्हा भरता येते, म्हणून मोह होतो, पण जुन्या टेपसाठी ती कामाची नाही. टेप वाचतो म्हणजे लेझरचा किरण डिस्कवर टाकतो आणि परत किती उजेड येतो ते बघतो. कंपनीची छापील सीडी ७० टक्के किंवा त्याहून जास्त उजेड परत पाठवते, सीडी-आर तिच्या जवळपास जाते. आरडब्ल्यू मात्र जेमतेम १५ ते २५ टक्के. जुन्या टेपच्या डोळ्याला एवढ्याशा उजेडात काही दिसत नाही. डीव्हीडीचं तर बोलायलाच नको. तिच्यावरच्या फेऱ्या कितीतरी दाट असतात आणि तिला ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर लागतो. सीडीच्या टेपमधला लेझर ७८० नॅनोमीटरचा. ४.७ जीबीत खूप गाणी बसतील म्हणून एमपी३ डीव्हीडीवर भरली तर सीडीचा टेप ती कधीच वाचणार नाही.

लिहिण्याचा वेग मधला ठेवा. डिस्कवर ५२ पट (52x) लिहिलेलं असलं तरी १६ पट पुष्कळ झाला. पूर्ण डिस्क पाच-सात मिनिटांत होते. वेग जास्त असला की खुणांच्या कडा नीट उमटत नाहीत. नवा ड्राइव्ह त्या सांभाळून घेतो, झिजलेला टेप अडखळतो. आणि लिहिताना लाइट जाणार नाही असं बघा. सीडी-आर एकदाच लिहिता येते, अर्ध्यात तुटलेली डिस्क बहुतेक वेळा कामातूनच जाते. डेस्कटॉप असेल तर लोडशेडिंगची वेळ टाळा. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरून घ्या, कारण बाहेरचा रायटरही त्याच्याच विजेवर चालतो.

एमपी३ची डिस्क करणाऱ्यांसाठी आणखी थोडं. व्हॉट्सॲपवर आलेला आवाज बहुतेकदा ‘ओपस’ प्रकारचा असतो आणि मोबाइलच्या रेकॉर्डरने केलेलं भजन ‘एम४ए’मध्ये. फाइलचं नाव बदलून शेवटी एमपी३ लिहिल्याने ती एमपी३ होत नाही, ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमधून रूपांतर करावं लागतं. नावं रोमन अक्षरांत आणि आखूड ठेवा. देवनागरी नाव टेपच्या पडद्यावर चौकोन किंवा प्रश्नचिन्हं होऊन येतं, काही टेप अशी फाइल उघडतही नाहीत. नावाच्या सुरुवातीला ०१, ०२ असे आकडे टाका, तेही इंग्रजीत (01, 02). नुसता १ टाकला तर बऱ्याच टेपवर एकच्या मागून दहावं गाणं लागतं. फोल्डरात फोल्डर, त्याच्या आत आणखी फोल्डर असं करू नका. गायकाप्रमाणे किंवा प्रसंगाप्रमाणे एकेक फोल्डर पुरे. बिटरेट, म्हणजे तो केबीपीएसचा आकडा, १२८ किंवा १९२ असा ठरलेला ठेवा. बदलता बिटरेट जुन्या टेपला गोंधळात पाडतो, मग गाण्याची वेळ चुकीची दिसते किंवा पुढे सरकवताना अडकतं.

खराब रस्त्यासाठी मात्र माझी पसंती एमपी३लाच. टेपमध्ये थोडी मेमरी असते. लेझर पुढचं वाचून तिथे साठवून ठेवतो, खड्ड्यात तो हलला तरी साठ्यातलं वाजत राहतं. ऑडिओ सीडीला सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात, १२८च्या एमपी३ला १६,०००. तेवढाच साठा एमपी३ला अकरा पट वेळ पुरतो. पांदण रस्त्याने गाडी नेणाऱ्याला हा फरक कानाने कळेल.

भजन-कीर्तनाच्या लांब रेकॉर्डिंगबद्दल सांगायलाच हवं, कारण त्यासाठी एवढा खटाटोप करणारे लोक मला मनापासून आवडतात. कॅसेट असेल तर टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपच्या आवाज घेणाऱ्या भोकात जोडा आणि ऑडॅसिटीत ४४,१०० हर्ट्झवर रेकॉर्ड करा. कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या, वर्षानुवर्षं पडून राहिलेली पट्टी सैल होते. आवाजाची पातळी अशी ठेवा की खंजिरीच्या थापेलाही पट्टा लाल रंगात जाणार नाही. लाल झालेला आवाज फाटतो आणि फाटलेला नंतर शिवता येत नाही. फाइल ‘वेव्ह’ प्रकारात जपून ठेवा, एमपी३ तिच्यावरून हवी तेव्हा करता येते. दीड तासाचं कीर्तन एका ऑडिओ सीडीवर बसणार नाही, दोन कराव्या लागतील. सत्तर मिनिटांचा एकच लांब ट्रॅक करू नका, पाच-पाच मिनिटांचे तुकडे पाडा म्हणजे सोडलं तिथून पुढे ऐकता येतं. फक्त भरताना ‘विदाउट गॅप्स’ किंवा ‘डिस्क ॲट वन्स’ निवडा. नाहीतर दर तुकड्यानंतर दोन सेकंदांची शांतता येते आणि चालू अभंगाचा ताल तुटतो. दोन ठिकाणची रेकॉर्डिंग एकत्र करताना ‘व्हॉल्यूम लेव्हलिंग’ चालू ठेवलं तर एक हळू आणि दुसरं कान फोडणारं असं होत नाही.

स्वतःच्या गाडीत ऐकण्यापुरतं हे सगळं. खासगी वापराला १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये वाव आहे. दुसऱ्यांची गाणी भरून बाजाराच्या दिवशी विकायला बसणं हा गुन्हा आहे.

भरलेली डिस्क टिकवायची तर विदर्भातल्या उन्हाचा विचार करावाच लागतो. छापील सीडीत खुणा प्लास्टिकमध्ये दाबून उमटवलेल्या असतात. आपण भरतो त्या सीडी-आरमध्ये मात्र एक रंगाचा थर असतो आणि लेझर त्याला तापवून खुणा करतो. जो थर उष्णतेने आणि उजेडाने बदलतो म्हणून त्यावर लिहिता येतं, तोच थर ऊन आणि उष्णता यांनी हळूहळू खराबही होतो. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, बंद गाडीच्या आत त्याहून वीसेक अंश सहज जास्त, आणि डॅशबोर्ड तर हात लावू देत नाही. तिथे काचेखाली ठेवलेली डिस्क एका उन्हाळ्यातही जाऊ शकते. पाकिटात घालून सीटखाली ठेवा, उन्हाळ्यात घरी न्या. वर कागदी लेबल चिकटवू नका. उन्हात गोंद सुटतो, लेबल टेपच्या आत सोलून निघतं आणि डिस्क अडकून बसते. ती काढायला टेप खोलावा लागतो. नाव लिहायचं तर मऊ टोकाच्या मार्करने, बॉलपेनने कधीच नाही. चमकणारी खालची बाजू नाजूक असं सगळे समजतात. तिथे उलट १.२ मिलिमीटरचं प्लास्टिक संरक्षणाला आहे. आरशासारखा थर वरच्या, नाव लिहायच्या बाजूला असतो आणि त्यावर वार्निशचा पातळ हात फिरवलेला असतो, इतकाच. बॉलपेनची टोच तिथे थेट लागते.

पुसताना मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका. गाणी गोल-गोल फेऱ्यांत लिहिलेली असतात. सरळ ओरखडा प्रत्येक फेरीचा छोटासा तुकडाच बिघडवतो, आणि फेरीच्या लांबीवर अडीच मिलिमीटरपर्यंतचं नुकसान टेप स्वतः हिशेबाने भरून काढतो. गोल ओरखडा एकाच फेरीवरून लांब जातो, तो भरून निघत नाही.

एवढं करूनही वाजली नाही तर कंपनीची एखादी छापील सीडी मागून आणा आणि टाकून बघा. ती वाजली आणि तुमची नाही, तर दोष भरण्यात आहे: आधी डिस्क बंद झाली का ते बघा, मग ऑडिओ की एमपी३, मग आर की आरडब्ल्यू, मग वेग कमी करून दुसऱ्या कंपनीच्या कोऱ्या डिस्कवर भरून बघा. छापीलही वाजत नसेल तर लेझरच्या काचेवर धूळ बसली आहे किंवा लेझर थकला आहे. कापूस वेचणीच्या आणि मळणीच्या दिवसांत काचा उघड्या ठेवून फिरणाऱ्या गाड्यांत धूळच जास्त वेळा सापडते, आणि ती टेप दुरुस्त करणाऱ्याकडून साफ करून घेता येते.